मामांच्या नजरेइतकी तार

नातीचं पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर आता सगळीकडे आपटून झालंय. पडदे, छताचा पंखा, तुळशीची कुंडी, एकदा माझा चष्मा. तरी ते बिचारं उडतं. पण तिला आता पुढचं हवंय. काल तिने फोनवर दोन दाखवली. एक सोडून दिलं की आपलं आपण हवेत थांबून राहतं. दुसरं बोट जरा हललं की उलटं होतं, पण हाताला बसलं तर म्हणे वाटेल तसं नाचतं. "आजी, तू सांग, पहिल्यानंतर कुठलं घ्यायचं?"

घरातले सगळे हसले. आजीला काय विचारतेस! मी मात्र हसले नाही. हाच प्रश्न मला एकदा विचारून झालेला आहे, आणि तेव्हा मी दिलेलं उत्तर साफ चुकीचं होतं.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात लागले होते आणि कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या होत्या. दोन खोल्यांत आम्ही चौघं: हे, मी, सासूबाई आणि सासरे. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई आणि मामा म्हणायची.

माझं माहेर तिसगावकडचं. मी मॅट्रिक झालेली, म्हणजे स्वतःच्या मते फार शहाणी. पण सासरी निघताना आईने दोन गोष्टी कानात अशा भरल्या होत्या की मॅट्रिकचं सगळं त्याखाली दडपलं गेलं. सासऱ्यांसमोर डोकं उघडं टाकायचं नाही, आणि सासऱ्यांकडे पाठ करायची नाही. मी पहिली गोष्ट पाळताना दर दोन मिनिटांनी पदर ओढायची. दुसरी पाळताना खोलीतून उलटी चालत बाहेर पडायची. दाराशी पाण्याची घागर असायची. तिला माझी टाच लागून ती कितीदा कलंडली, विचारू नका. आत्याबाई म्हणायच्या, "ही पोरगी घरात चालती का नांगर मागं घेती?"

मामा नगरला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. तिथले काही साहेब लोक रविवारी मैदानावर लहान लहान विमानं उडवायचे. विमानाचं इंजिन चालू करून द्यायचं काम मामांचं. पात्याला बोटाने झटका मारायचा, ते भर्रकन सुरू झालं की विमान धरून ठेवायचं, साहेबाने हात केला की सोडायचं. नोकरी संपली तेव्हा एका साहेबाने त्यांना तसलं एक इंजिन भेट दिलं. लिंबाएवढं. मामा ते सुपारीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. एवढी वर्षं दुसऱ्यांची विमानं सोडली, पण ते इंजिन लावलेलं स्वतःचं विमान त्यांनी कधी उडवलं नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणेपर्यंत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

पावसाळ्याआधी नगरला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आज हे वाचताना कुणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की माणसं धास्ती घ्यायची. वसाहतीतल्या एका म्हातारबांचा डोळा ऑपरेशननंतर पार गेला होता. मामा वरवर म्हणायचे, "होईल ते होईल." एकदा मात्र मला हळूच म्हणाले, "सूनबाई, टेबलावर आडवं व्हायच्या आत ते एकदा उडताना बघायचंय. नंतर दिसलं तर बोनस."

म्हणून मी शिकले. पहिलं विमान हातानं फेकायचं. ना इंजिन, ना दोरी. हलक्या लाकडाची एक पट्टी, आडवा पंख, नाकाला मातीचा गोळा. कापायची रेघ मामांना दिसत नव्हती, म्हणून चाकू माझ्या हाती आला. मी पंख कापला तो एक बाजूला रुंद, एक बाजूला अरुंद. विमान फेकलं की वळून माझ्याकडेच यायचं. तीनदा कपाळावर बसलं. आत्याबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. "तुज्यावर जीव जडलाय त्याचा," म्हणाल्या. पण हळूहळू पंख सारखे व्हायला लागले, आणि एका सकाळी ते गाडीतळावर सरळ, शांत, लांबच्या लांब गेलं. मला इतका आनंद झाला की मी मामांकडे चक्क पाठ करून त्याच्यामागे धावले.

गाडीतळ म्हणजे कारखान्यासमोरचं मोठं सपाट मैदान. गाळपाच्या दिवसांत तिथे उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या आणि आमच्या पाथर्डीकडच्या तोडणीवाल्यांची नुसती जत्रा असायची. मला त्यांची बोली कानावर पडली की माहेरी गेल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की मैदान ओस. उरायचे ते उसाच्या पाचटाचे ढीग आणि शेणाचा वास.

तर पहिलं विमान जमलं. आता पुढचं कुठलं?

मामांनी दोन सांगितली. एक रबराचं: पोटात रबर पिळून ठेवायचं, ते उलगडताना पातं फिरतं आणि विमान मोकळं सुटतं, वारा नेईल तिकडे जातं. दुसरं दोरीचं: इंजिन लावलेलं. त्याच्या पंखापासून दोन बारीक तारा निघतात आणि आपल्या हातातल्या मुठीला बांधलेल्या असतात. आपण मध्ये उभं राहायचं, विमान आपल्याभोवती गोल फिरतं, आणि त्याच्याबरोबर आपणही फिरायचं. मूठ वर कलवली की विमान वर, खाली कलवली की खाली. त्या काळचा रिमोट म्हणा ना, फक्त तारेचा.

"रबराचं करू," मी लगेच म्हणाले.

"का गं?"

"सोपंय ना, मामा. दोरीचं मला नाही जमायचं."

खरं कारण वेगळं होतं. रबराचं विमान हरवलं तर वाऱ्याने नेलं म्हणता येतं. दोरीचं पडलं तर माझ्या हातातून पडलं. आणि त्याच्या नाकावर ते सुपारीच्या डब्यातलं इंजिन. तसलं दुसरं ना श्रीरामपुरात मिळणार, ना नगरला. ते माझ्या हातून फुटलं तर मी त्या घरात घागर कलंडवत आयुष्य कसं काढणार होते? मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. पोळी भाजताना दिसायचं, धुणं पिळताना दिसायचं. इंजिन जमिनीवर आपटतंय, मामा गुडघे टेकून तुकडे चाचपतायत. इतकी भित्री होते मी, आणि या भित्रेपणाला मनातल्या मनात सावधपणा म्हणायची.

मामा दोरीचंच धरून बसले. मला वाटलं म्हातारा हट्टी आहे. मग ते फेकायचं विमान घेऊन आम्ही पुन्हा गाडीतळावर गेलो, तेव्हा मी ते फेकलं आणि मामा टाळ्या वाजवायला लागले, "वा, काय गेलं!" विमान तेव्हा पडून माझ्या पायाशी होतं. नाकाची माती गळली होती, ते गेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, इथंच बसा. मी विमान उंच धरून लांब जाते. कुठवर दिसतंय ते सांगा."

मी चालत राहिले. मामा ओरडत होते, "दिसतंय! दिसतंय! अजून जा!" मला शंका आली. मी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता बाजूला सरकले, चांगली पंधरा-वीस पावलं. मामा तिकडेच, जिथे मी नव्हते तिथे बघत होते. "दिसतंय की! झकास दिसतंय!" इतके दिवस ते माझ्या बांगड्या बघत होते, कानांनी.

तशीच हळूहळू पुढे येत गेले. एका जागी त्यांची मान आपोआप माझ्याकडे वळली. तिथे मी चपलेने मातीत रेघ ओढली. रेघ इतकी जवळ होती की मला रडूच आलं.

रबराचं विमान त्या रेघेपलीकडे गेलं की त्यांच्यासाठी संपलं. दोरीचं मात्र दोरीइतक्याच अंतरावर राहणार होतं. हट्टी म्हातारा आपल्या नजरेच्या मापाचं विमान मागत होता, आणि मी त्याला सोपं काय, अवघड काय ते शिकवत होते.

"दोरीचं करू या," घरी येताना मी म्हणाले.

मामांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "माझ्यापासून वर्तुळाची पलीकडची कडसुद्धा तुझ्या रेघेच्या आत बसली पाहिजे. म्हणजे तार रेघेच्या निम्मी." म्हणजे रेघ ओढलेली त्यांना कळली होती. "तार आखूड झाली की विमान भराभर फिरतं. विमान भराभर फिरलं की तूही. चक्कर येईल. सवय कर."

सवय कशी करायची? दुपारी आत्याबाई जरा आडव्या झाल्या की मी मागच्या अंगणात जायची, दोरीला पितळी तांब्या बांधायची आणि गरगरा फिरायची. मग भिंतीला धरून बसायची. तोंड पांढरं, डोळ्यांपुढे अंधारी. दोनदा तर ओकारीही झाली. एकदा आत्याबाईंनी खिडकीतून बघितलं. तांब्या नाही बघितला, ओकारी बघितली. त्याच संध्याकाळी माझ्या ताटात आवळ्याचं लोणचं आलं. दुसऱ्या दिवशी चिंच आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घागर उचलू दिली नाही. चौथ्या दिवशी शेजारीण येऊन माझ्या तोंडाकडे बघून गोड हसून गेली, तेव्हा कुठे माझ्या मॅट्रिक डोक्यात उजेड पडला.

आता काय सांगायचं? खरं सांगावं तर इंजिनाचं सगळं बाहेर येणार. इंजिनाचं तेल घरी बनवावं लागायचं: रॉकेल, औषधाच्या दुकानातलं ईथर आणि एरंडेल. ईथरच्या वासाने आत्याबाईंचं डोकं उठायचं, आणि असल्या वाफांनीच मामांचे डोळे गेले यावर त्यांचा ठाम विश्वास होता. ऑपरेशनआधी इंजिनाला हात लावायचा नाही अशी त्यांनी मामांना शपथ घातली होती. शपथ मोडल्याचं सांगावं, का नसलेलं नातवंड पोटात घेऊन फिरावं? मी चिंच खात राहिले. चिंच मला आवडते, हेही खरं.

ऑपरेशनला जायचा आदला दिवस उजाडला. आणखी पुढे ढकलायला दिवस नव्हता. सकाळी वारा पडलेला होता. आत्याबाई देवळात गेल्याचं बघून आम्ही विमान गोणपाटात गुंडाळून गाडीतळावर नेलं. पिवळ्या कागदाचे पंख, आणि नाकावर ते लिंबू.

मामांनी मला मधोमध उभं केलं, मूठ उजव्या हातात दिली. तारा उलगडत विमानापाशी जाऊन बसले. बोटांनी चाचपून तेल कमी-जास्त करायची सुई फिरवली, पात्याला झटका मारला. नाही. पुन्हा झटका. नाही. बोट कापलं, रक्त आलं, ते त्यांनी धोतराला पुसलं. पुन्हा झटका. आणि ते लिंबू किंचाळलं. एरंडेलाचा जळका वास पसरला.

"रेडी?" मामा ओरडले.

मी नाही म्हणणार होते. पण तोंडातून काहीच आलं नाही, आणि मामांनी ते हो धरलं.

विमान उठलं. तारा ताणल्या, हाताला अशी ओढ बसली जशी कासऱ्याला वासरू हिसका देतं. मी फिरले. अर्धं वर्तुळ नीट झालं. मग माझी पाठ मामांकडे झाली. त्याच क्षणी डोक्यावरचा पदर सरकला, आणि माझा उजवा हात, वर्षभराच्या सवयीचा शहाणा हात, पदर सावरायला डोक्याकडे गेला. त्या हातात मूठ होती, हे त्याला कोण सांगणार? मूठ वर कलली. विमान सरळ आभाळात चढलं, माझ्या डोक्यावर आलं, तारा ढिल्या पडल्या आणि ते नाकावर खाली आलं.

आवाज बंद.

मी जागच्या जागी उभी. जे इतके दिवस पोळीच्या तव्यात दिसत होतं तेच समोर होतं. मामा गुडघे टेकून चाचपत होते. पण विमान पडलं होतं पाचटाच्या ढिगात. पातं मोडलं होतं, एका पंखाचा कागद फाटला होता. मामांनी इंजिन हातात घेतलं, त्यावरची कुसळं फुंकली, कानाशी धरून दोन बोटांनी हळूहळू फिरवलं.

"फिरतंय," ते म्हणाले. मग वळून, "काय झालं गं? चांगलं चाललं होतं."

"मामा, पदर..."

"अगं बये! खाली बस! बस खाली!"

हा आवाज मागून आला. आत्याबाई देवळातून, बहुधा त्या किंकाळीच्या रोखाने, धावत येत होत्या. हातात प्रसादाच्या कागदात नारळाची अर्धी कवड. "पोटुशी बाई गरगरा फिरती व्हय! आन तुमी म्हातारं मानूस, तुमाला तरी कळाया नको?"

"आत्याबाई, मला दिवस नाहीत," मी ओरडले. अख्ख्या गाडीतळाला ऐकू गेलं असेल. "चक्कर यायची ती याच्या सरावानं."

आत्याबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, मामांच्या रक्ताच्या बोटाकडे बघितलं.

"मंग माजी चिंच?"

मी मान खाली घातली. मामा हळूच म्हणाले, "उद्या जायचंय. तेवढ्यासाठी."

मला वाटलं, आता इंजिन उचलून विहिरीत टाकतात. मग त्यांनी कवड पदरात बांधली आणि मला विचारलं, "पडलं कशानं?"

"पदर घ्यायला हात वर गेला. मूठ त्याच हातात."

"मंग खोच की कमरेला."

"मामांसमोर?"

"मंग ते तोंड फिरवून बसत्याल."

"तोंड फिरवलं तर बघू काय, कपाळ?" मामा म्हणाले.

आत्याबाईंनी हात झटकला. "यांस्नी दिसतंय काय? ताटातली मिरची दिसंना. तू कुनासाठी पदर घेतीस एवढा?" आणि त्यांनी स्वतःच माझ्या डोक्यावरचा पदर ओढला, पुढे घेतला आणि कमरेला असा करकचून खोचला की मला श्वास घेता येईना.

मला ते पटलं. खरंच की, मामांना कुठे दिसतंय! मोकळ्या डोक्याला वारा लागला. मामांनी खिशातून दुसरं पातं काढून बसवलं, ते त्यांनी आधीच कोरून ठेवलं होतं. म्हणजे माझ्यावर त्यांचा किती भरवसा होता, बघा. फाटल्या पंखाला आत्याबाईंनी प्रसादाचा कागद लाळेने चिकटवला. विमान सोडून मामा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहणार होते.

इंजिन किंचाळलं. विमान सुटलं.

मी फिरले. पाठ झाली, तोंड झालं, पाठ झाली. हात खाली, घट्ट. विमान डोळ्यांपुढे एका जागी थांबलेलं आणि त्याच्यामागे सगळं जग पळतंय: कारखान्याची चिमणी, पाचट, बाभळ, दोन म्हातारी माणसं, पुन्हा चिमणी. मामांकडे बघायची सोय नव्हती. नजर विमानावरून काढली की संपलं. त्यांना दिसतंय की नुसतं ऐकू येतंय, हे मला कळत नव्हतं, आणि तेवढीच एक भीती आता उरली होती. त्यांनी पुन्हा "झकास दिसतंय" म्हटलं तर मी काय ओळखणार होते? विमान उडवता येतं, पण माणसाला दिसलं का ते विचारून कळत नाही, हे मी बांगड्या सारल्या तेव्हाच शिकले होते.

तेल संपलं. आवाज तुटला, विमान तरंगत खाली आलं आणि मातीवर पोट घासत थांबलं. अख्खं. मी मात्र थांबले नाही, आणखी दोन फेऱ्या मारून धपकन बसले. जमीन फिरत होती. दोन्ही हातांनी ती धरून मी ओरडले, "मामा, दिसलं का?"

मामा चालत आले, माझ्याकडे नाही, विमानाकडे. ते उचललं. गरम इंजिन तळव्यात धरून उभे राहिले.

"दिसलं," म्हणाले.

ते 'झकास दिसतंय' आठवून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पिवळं दिसलं. पलीकडच्या कडेला गेलं तेव्हासुद्धा दिसलं." मग घसा साफ करून, जरा अवघडून, "आणि सूनबाई, तुझा अंबाडा सुटलाय. तिसऱ्या फेरीलाच सुटला. केस तोंडावर येत होते, मला वाटलं आता पाडतीस."

मी डोक्याला हात लावला. खरंच सुटला होता. मला स्वतःला पत्ता नव्हता, आत्याबाईही आत्ताच दचकून माझ्या डोक्याकडे बघत होत्या, म्हणजे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा कुठे हिशेब माझ्या डोक्यात शिरला. वर्तुळाची पलीकडची कड मामांना दिसेल अशी तार मीच मापून दिली होती. आणि मी उभी होते वर्तुळाच्या मधोमध, म्हणजे त्या कडेच्या निम्म्या अंतरावर, उघड्या डोक्याने, केस मोकळे सोडून, गरगर फिरत. गणितात मला चांगले मार्क होते.

"मंजी दिसतंय की हो तुमाला!" आत्याबाई किंचाळल्या. त्यांनी झेप घेऊन माझ्या कमरेचा पदर उपसला आणि माझ्या डोक्यावर असा टाकला की मी तोंडासकट झाकले गेले.

पदराच्या आत एरंडेलाचा वास होता. मी आत हसत होते की रडत होते, बाहेर कुणाला दिसलं नसेल. बाहेरून मामांचा आवाज येत होता, "आता याच्या पुढचं जरा मोठ्या पंखाचं करू."

"पुढचं उद्या नगरला," आत्याबाई म्हणाल्या. "पयलं डोळं. मंग पंख." आणि थोड्या वेळाने, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "तार मातुर लांब घ्या त्याला."